चंपतरावच्या घरचं पाणी

नळ तोडायला दोघं आले तेव्हा रुख्मिणी दारात बसून ज्वारीचं पीठ चाळत होती. ऊन अजून भिंतीच्या वरच्या अंगालाच होतं, पण त्याला चटका आला होता. एकाच्या खांद्यावर टिकाव, दुसऱ्याच्या हातात मोठा पाना. कोणाला काही न विचारता ते फाटकातून आत आले, मोरीच्या कोपऱ्यात वाकले आणि उकरायला लागले.

रुख्मिणीला वाटलं, गळतीचं काम असेल. ती म्हणाली, "भाऊ, लवकर करा, आज नळाची पाळी हाय."

त्यांना मराठी कळलं की नाही कोण जाणे. थोरल्यानं पाइपाचा जोड मोकळा केला, तोटीसकट तुकडा काढून बाजूला टाकला आणि जमिनीतून वर आलेल्या तोंडाला लोखंडी बूच लावून पान्यानं करकचून आवळलं.

"मयूरी! इकडं ये बरं. पाय, काय करून राह्यले हे."

मयूरी केस बांधत बाहेर आली. बारावीला जाणारी पोरगी, तेलुगू तिच्या तोंडात मराठीसारखीच बसलेली. ती त्या माणसांशी बोलली, पुन्हा बोलली, आणि मग आईकडे वळली.

"पानीबिल थकलं म्हनते. दोन वर्साचं. फाटकाले नोटीस लावली होती म्हनते."

"आपन तं दर महिन्याले देतो ना! किरायासंगंच देतो."

"मी तेच सांगतलं. ते म्हनते, मालकाले विचारा."

थोरल्या माणसानं रुख्मिणीकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. "अम्मा, ओनरनि अडगंडि," असं तेच पुन्हा तेलुगूत म्हणाला, टिकाव खांद्यावर टाकला आणि दोघं गेले. तोटीचा तुकडाही त्यांनी नेला. उकरलेली ओली माती तेवढी राहिली, आणि दुपारपर्यंत तीही वाळून गेली.

तेलंगणात आदिलाबादला चिकटून असलेल्या मावला गावात चंपतरावचं घर हमरस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत होतं. पुढं किराणा दुकान, त्यामागं त्याचं राहतं घर, आणि मागच्या आवारात टिनाच्या दोन खोल्या. एका खोलीत रुख्मिणी, तिचा नवरा नागोराव, मयूरी आणि सासू बयनाबाई. दुसऱ्या खोलीत धम्मदीप नावाचा एकटा पोरगा, मोबाइलच्या दुकानात कामाला. मोरी आणि संडास दोन्ही खोल्यांत मिळून एक. नळ त्या मागच्या आवारातच होता. चंपतरावच्या घराला वेगळी बोअर होती, तिची मोटर आणि तोटी त्याच्या अंगणात.

चंपतराव नागोरावच्या गावचा, वांकिडीकडचा. नागोराव त्याला मामा म्हणायचा. जिनिंगात हमालीचं काम त्यानंच लावून दिलेलं, खोलीही अनामत न घेता दिलेली. त्यामुळे पैसे हातावर ठेवले की नागोराव उलट पावलानं परत यायचा. पावती मागणं त्याच्या डोक्यातही कधी आलं नाही.

त्या दिवशी तो दुकानात गेला तेव्हा चंपतराव साखरेच्या पुड्या बांधत होता.

"मामा, नळ तोडून नेला ना आपला."

"कळलं मले." चंपतरावनं दोऱ्याची गाठ मारली. "पाहातो मी. हप्त्याभरात होते."

"तोपर्यंत बोअरचं पानी..."

"बोअरले पानी कुठं हाय बे? आटत आली ते. घरालेच पुरत नाई." पुडी बाजूला ठेवून त्यानं दुसरा कागद घेतला. "हापशी हाय ना मारुतीजवळ."

नागोराव "बरं मामा" म्हणून परत आला.

---

जिनिंग उन्हाळ्याचं बंद होतं. कापूस संपला की हमालांना काम नसतं. घर चालायचं ते रुख्मिणीच्या भाकरीवर. संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेला ती तीन दगडांची चूल मांडायची. ट्रकवाले, एकटे राहणारे कामगार, साखरेचा आजार असलेले मास्तर लोक, सगळे ज्वारीच्या भाकरीला तेलुगूत "जोन्न रोट्टे" म्हणत येऊन उभे राहायचे. तिच्या भाकरीला नाव होतं. पावसाळ्याआधी तिथं टिनाची टपरी टाकायची म्हणून ती थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत होती.

भाकरीला पाणी लागतं. आधणाला लागतं, पीठ भिजवायला लागतं, तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून हात फिरवायला लागतं. परात, तवा, हात धुवायला लागतं. गिऱ्हाइकाला प्यायला लागतं. नळ होता तेव्हा यातलं काही कधी मोजलं नव्हतं. आता नागोराव सायकलला तेलाच्या दोन रिकाम्या कॅन बांधून हापशीवर जायचा. कापसाच्या गठाणी उचलून त्याची कंबर आधीच गेलेली. हापशीचा दांडा दाबताना तो खालचा ओठ दातात धरायचा. आधी दांडा नुसताच खडखडायचा, मग तांबूस पाण्याची धार यायची, आणि मागं उभ्या असलेल्या बाया ओरडायच्या, "किती भरतो बाप्पा, दुकान लावलं का?"

एकदा येताना सायकल घसरली. एक कॅन फुटली. रस्त्यावर पाण्याचा ओघळ धावला आणि डांबरात दिसेनासा झाला. नागोराव उठून तिथंच उभा राहिला, गुडघ्याचं रक्त पुसायचंही त्याला सुचलं नाही. समोरून चंपतरावच गाडीवर येत होता. त्यानं वेग कमी केला, पाहिलं आणि निघून गेला.

हप्ता गेला, दुसरा गेला. मग एका सकाळी रुख्मिणीच पुढच्या अंगणात गेली. चंपतराव गाडी धूत होता. बोअरच्या तोटीला निळा पाइप लावलेला, पाणी गाडीच्या चाकावरून वाहत गटारीकडे चाललेलं. रुख्मिणीची नजर त्या वाहत्या पाण्यावर होती. चंपतरावनंही ते ओळखलं. त्यानं तोटी बंद केली, पण घाई केली नाही.

"मामाजी, नळाचं काय झालं?"

"बकाया लय हाय. एकदम मोठा आकडा काढला त्यायनं."

"पन आमी तं दिलं. महिन्याच्या महिन्याले दिलं."

"दिलं नं. कोन नाई म्हनते?" तो फडक्यानं सीट पुसायला लागला. "पन पाय रुख्मिणी, सरळ बोलतो. पानी वापरते कोन? मी तं बोअरचं वापरतो. धम्मदीप एकटा, दिवसभर बाहेर. तुह्या भाकरीच्या धंद्याले पानी गेलं सगळं. घरच्या नळावर धंदा चालवते, मंग आकडा वाढंल नाई तं काय? अर्धा बकाया तुमी भरा, अर्धा मी पाहातो."

"आमी दिलेले पैसे कुठं गेले, तेवढं सांगा."

चंपतरावचा हात थांबला. घराच्या दारात त्याची बायको विमलबाई उभी होती, हातात तांदळाचं सूप. तिनं सुपात मान घातली.

"हिशेब मांगते का?" चंपतराव हळू आवाजात म्हणाला. "तुह्या नवऱ्याले कामाले कोनं लावलं, त्याचा मांगितला का मी हिशेब? नागोले पाठव. बायांसंगं नाई बोलत मी पैशाचं."

त्याच दिवशी बोअरच्या तोटीला कुलूप लागलं.

संध्याकाळी रुख्मिणीनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खाटेवर पालथा पडला होता, मयूरी त्याच्या कमरेला तेल चोळत होती.

"तू काऊन गेली तिकडं?"

"तुमी गेलते तं काय आनलं?"

"मामा वाईट मानूस नाई व. त्याचं काई अडलं असंल."

"त्याचं अडलं, आन आपलं वाहून राह्यलं का?"

नागोरावनं तोंड भिंतीकडे केलं.

---

मे महिना लागला तसा टिन दुपारी कडकड वाजू लागला. भिंतीला हात लावला तर तव्याला लागल्यासारखं व्हायचं. हापशी दुपारी बंदच पडायची. टँकर यायचा, पण तो कधी येईल त्याचा नेम नाही. तो आला की रुख्मिणी पिठाचे हात तसेच घेऊन पळायची. पाइपाच्या तोंडाशी धक्काबुक्की, एकमेकींच्या घागरी पायानं सरकवणं. एकदा एका बाईनं तिचा हंडा उचलून मागं फेकला. "तुह्या घरी नळ हाय. चंपतरावचे किरायदार ना तुमी? आमच्यात काऊन घुसते?" रुख्मिणीनं सांगायचा प्रयत्न केला, पण टँकरच्या घरघरीत कोण ऐकणार.

घरात पाण्याच्या वाटण्या झाल्या. प्यायचं वेगळं, भाकरीचं वेगळं, संडासाचं वेगळं. भाज्या धुतलेलं पाणी संडासाच्या बादलीत जायचं, परात धुतलेलंही. मयूरी आंघोळीला मैत्रिणीकडे जायला लागली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती कोरड्याच केसांनी परत आली.

"काऊन व? नाई केली आंघोळ?"

"नाई जात मी आता तिकडं."

"काय झालं?"

"तिची आई फोनवर बोलून राह्यली होती. म्हने, लोकायच्या पोरी धुवाले आपल्याच घरी येते." मयूरी हसल्यासारखं करत होती. "तेलुगूत म्हने. तिले वाटलं, मले समजत नाई."

रुख्मिणीनं भाकरीच्या पाण्यातलं अर्धं तिला काढून दिलं. त्या संध्याकाळी पीठ लवकर संपल्याचं सांगून तिनं गिऱ्हाइकं परत पाठवली.

धम्मदीपनं खोली सोडली. बॅग खांद्याला लावून तो दारात आला. "ताई, माझ्यासारख्याला कुठंही जमते. तुमचं पाहा. मी एक सांगतो, मामाकडं मांगत बसू नका. नगरपालिकेत जाऊन विचारा, काय होते, काय नाई."

"आमचं कोन आयकते तिथं?"

"विचाराले काय पैसे लागते?" म्हणाला आणि गेला. त्याची खोली रिकामी झाली तरी चंपतरावला फरक पडल्याचं दिसलं नाही. उलट तो दुसऱ्या दिवशी त्या खोलीत टेप घेऊन दुकानाची पोती किती मावतील ते मोजत होता.

या सगळ्यात बयनाबाईकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती बोलणारी बाई नव्हतीच. गुडघे धरून, भिंतीला हात लावत खोलीतून संडासापर्यंत जायची, परत यायची, दाराशी सावलीत बसून लसूण सोलायची. "आत्या, पानी पेल्या का?" असं रुख्मिणी जाता-येता विचारायची, आणि म्हातारी "पेली, पेली" म्हणायची. तांब्या तिच्या उशाशी झाकून ठेवलेला असायचा. सकाळी भरलेला, संध्याकाळी जवळजवळ भरलेलाच. रुख्मिणीला वाटायचं, मयूरीनं पुन्हा भरला असेल. मयूरीला वाटायचं, आईनं भरला असेल.

एका दुपारी रुख्मिणी टँकरवरून आली तेव्हा बयनाबाई मोरीजवळ पडलेली होती. एक हात भिंतीला, लुगडं भिजलेलं, डोळे अर्धे उघडे. ओठांवर पांढरी साल आलेली. अंग तव्यासारखं तापलेलं.

"आत्या! ओ आत्या!"

म्हातारीनं जीभ हलवली, पण शब्द आला नाही.

नागोराव हापशी सुरू व्हायची वाट बघत तिकडं बसला होता. रुख्मिणीनं सासूला पाठीवर घेतलं. इतकी हलकी बाई, तिला उचलताना रुख्मिणीचाच तोल गेला. अनवाणी पायांनी गल्लीतून जाताना चंपतरावच्या दुकानासमोर ती क्षणभर थांबली. दुकानात गिऱ्हाईक होतं. चंपतरावनं मान वर केली आणि हातातला तराजू तसाच धरून ठेवला. विमलबाई मात्र आतून धावत आली, पायातल्या चपला काढून तिनं रुख्मिणीच्या पायांपुढं सरकवल्या आणि कोपऱ्यावरून जाणाऱ्या ऑटोला हाक मारली.

---

सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरीण तरुण होती, तेलुगू बोलणारी. मयूरी मागून पोचली होती. डॉक्टरणीनं बयनाबाईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"आई, डॉक्टरीण विचारते, आजी दिवसभरात पानी किती पेते?"

 रुख्मिणीला सांगताच येईना.

"लघवीत आग हाय म्हनते. ताप त्याच्यानंच चढला. अजून उशीर केला असता तं..." मयूरीनं पुढचं सांगितलं नाही.

संध्याकाळी ताप उतरला. म्हातारीनं डोळे उघडले, बाटलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं.

"आत्या, तांब्या भरून ठेवत होतो ना मी. काऊन नाई पेल्या?"



"पेलं का मंग जा लागते. जा लागलं का बादली लागते." बयनाबाईचा आवाज वाळल्या पानासारखा होता. "नागो कंबरेत वाकडा झाला पानी आनून आनून. तू त्या बायायचे धक्के खाते. म्हनलं, आपन एक डबा तरी वाचवाव."

रुख्मिणी उठली आणि व्हरांड्यात गेली. नागोराव तिथं जमिनीवर उकिडवा बसला होता. सगळं ऐकलेलं असावं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतलेली होती.

"मी बकाया भरतो," रुख्मिणी म्हणाली. "टपरीचे पैसे हाय. या महिन्याचा किराया हाय, तोही तिकडंच भरतो. मामाच्या हातावर एक रुपाया ठेवायचा नाई."

"किराया नाई देला तं मामाले काय तोंड दाखवू मी?"

"आत जाऊन माय पाहा तुही. मंग ठरवा, कोनाले तोंड दाखवाचं."

नागोराव आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मी येऊ का संगं?"

"तुमी आत्याजवळ बसा. मयूरीले घेऊन जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या दफ्तरात त्या दोघींना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात आलं. पंखे होते, पण खिडकीशी उभ्या असणाऱ्यांना त्यांचा वारा लागत नव्हता. रुख्मिणीच्या पायात अजून विमलबाईच्याच चपला होत्या, पुढून दोन बोटं मोठ्या. चालताना फटफट आवाज यायचा आणि बाकावरची माणसं वळून बघायची. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनानं विचारलं, "मराठी?"

"हो साहेब."

"बोला."

रुख्मिणीनं सगळं सांगितलं. मधेच मयूरी बोलायला लागली की ती तिला हातानं थांबवायची. कारकुनानं कॉम्प्युटरवर घराचा नंबर पाहिला.

"बाई, कनेक्शन मालिकच्या नावानं हाय. रसीद त्याच्याच नावानं निघंल. तुमाले त्याच्यात काई हक नाई. उद्या त्यानं काहाडून टाकलं तं ही रसीद तुमच्या कामाची नाई. समजलं?"

"समजलं."

"तरी भरता?"

"पानी कधी जोडून भेटन?"

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अर्धं आज भरा. बाकीचं हप्त्या-हप्त्यानं भरतो म्हनून दरख्वास्त लिहा. पोरगी लिहील? बस बेटी, लिही. उद्या मानूस पाठवतो."

पैसे मोजून देताना रुख्मिणीच्या बोटांना पीठ लागलेलं दिसलं. पैसे ती पिठाच्याच डब्यात ठेवायची.

---

दुसऱ्या दिवशी माणसं आली, बूच काढलं, नवी तोटी लावली. त्याच्या पुढच्या दिवशी नळाला पाणी आलं. आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ. रुख्मिणीनं हंडे भरले, बादल्या भरल्या, टाकी भरली, परातीसुद्धा भरली. बयनाबाईला दवाखान्यातून आणलं होतं. तिला मोरीत पाटावर बसवून रुख्मिणीनं डोक्यावरून पाणी ओतलं. म्हातारीच्या पाठीची हाडं मोकळी दिसत होती. "पुरे व, पुरे," ती म्हणत होती, आणि रुख्मिणी आणखी एक तांब्या ओतत होती.

चंपतराव आला तेव्हा मयूरी केस वाळवत होती. त्यानं तोटीकडे पाहिलं, भरलेल्या भांड्यांकडे पाहिलं.

"कोनं जोडलं हे?"

"पालिकेनं," रुख्मिणी म्हणाली.

"पैसे?"

"अर्धे भरले. रसीद तुमच्या नावाची हाय, घ्या." तिनं कागद पुढं केला. तो त्यानं घेतला नाही.

"किराया कुठं हाय या महिन्याचा?"

"त्याच्यातच हाय. तुमच्याच नावानं जमा झाला."

चंपतरावचा चेहरा तांबडा झाला. "मले न विचारता? मी मालक हाय का तू? आफिसात जाऊन सांगून आली, का चंपतराव पैसे खाते म्हून? उद्या गावात माही काय इज्जत राह्यन?"

"मी तसं नाई म्हनलं."

"म्हनाची गरज हाय का? महिना संपला का खोली खाली करा. नागो, आयकलं का?"

नागोराव खोलीच्या दारात उभा होता. आजवर तो मामासमोर कधी सरळ उभा राहिला नव्हता. आताही कमरेमुळे तो सरळ नव्हताच. तो दोन पावलं पुढं आला.

"करतो खाली, मामा."

"हां. निदान तुले तं अक्कल हाय."

"तुमी मले कामाले लावलं. ते मी मेलो तरी इसरत नाई." नागोरावला दम लागला होता. "पन माही माय पानी पेनं सोडून बसली होती. तुमच्या अंगनात बोअर होती. कुलूप लावलं तुमी. हेही नाई इसरत."

चंपतरावची नजर बयनाबाईकडे गेली. ती ओल्या लुगड्यात पाटावर बसून त्याच्याकडे बघत होती. लहानपणी गावात तिनं त्याला ताक दिलेलं असेल, जेवू घातलेलं असेल.  तो वळला आणि गेला. फाटक जोरात लागलं.

रुख्मिणी नवऱ्याकडे पाहत होती. "खोली कुठं पाहाची आता?" तिनं विचारलं.

"पाहू," नागोराव म्हणाला, आणि रिकामी कॅन उचलून उगाच नळाखाली लावली.

खोली मिळेपर्यंत महिना संपत आला. चार ठिकाणी गेले. कुठं भाड्यासाठी अडलं, कुठं चुलीसाठी, कुठं म्हातारीसाठी. शेवटी तलावाच्या बाजूला एक खोली मिळाली. हमरस्ता तिथून लांब, म्हणजे नवी गिऱ्हाइकं शोधावी लागणार. टपरीचा तर प्रश्नच नव्हता. पण रुख्मिणीनं तिथल्या मालकिणीला पहिल्याच दिवशी विचारलं, पाण्याचं बिल कोणाच्या नावानं आहे आणि मागच्या महिन्याचं भरलं का. मालकीण चमकली. मग आत जाऊन कागद घेऊन आली.

निघायच्या दिवशी छोटा टेम्पो गल्लीत उभा राहिला. खाट, पेटी, पिठाचे डबे, तवा, परात, मयूरीची पुस्तकं. बयनाबाईला गोधडीवर मधे बसवलं. नागोराव किल्ली घेऊन दुकानात गेला. तिथं एक तरुण जोडपं आधीच येऊन बसलं होतं, खोली बघायला. इचोड्याकडचं. नवरा धाब्यावर कामाला लागणार होता; बायकोला सहावा-सातवा महिना असेल. चंपतराव तिच्या नवऱ्याला सांगत होता, "पानीबिल किरायासंगंच माह्याजवळ देत जा. कटकट नाई ठेवत मी किरायदाराले."

नागोरावनं किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर आला.

ती तरुण बाई पोटावर हात ठेवून बाहेर आली, टेम्पोजवळ उभी राहिली. "मावशी, तुमी सोडून राह्यल्या का खोली? पानी येते ना इथं? माही माय म्हने, आधी पानी पाय."

रुख्मिणी टेम्पोत चढत होती. ती खाली उतरली. दुकानात चंपतराव पेन हातात घेऊन थांबला. गल्लीतल्या दोन-तीन बायाही दारात आल्या होत्या.

"तुहं नाव काय, माय?"

"सुनयना."

"येते, सुनयना. पानी चांगलं येते. आता अर्धा बकाया राह्यला हाय मालकाच्या नावाचा, तो भरला नाई तं पुन्हा तोडन." रुख्मिणी आवाज न चढवता बोलत होती. "खोली घेतली तं घे. पन पान्याचे पैसे याच्या हाती देऊ नोको. स्वता जाऊन भर आन रसीद घे. आमी दोन वर्स हातात देले."

"ए रुख्मिणी!" चंपतराव गल्ल्यामागून ओरडला. "खोटं नाटं सांगू नोको लोकाले! निघ इथून!"

सुनयना गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे पाहायला लागली.

दुकानाच्या आतल्या दारात विमलबाई होती. ती पुढं आली, पोत्यांमधून वाट काढत थेट पायरीवर येऊन उभी राहिली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"खरं सांगून राह्यली ते," ती सुनयनाला म्हणाली. "माह्या देखत देले त्यायनं. दर महिन्याले."

 सुनयनाचा नवरा नोटा काढत होता, त्या त्यानं हातातच धरून ठेवल्या. गल्लीतली एक बाई तोंडावर पदर घेऊन आत पळाली, दुसरीला सांगायला.

रुख्मिणी टेम्पोत चढली. नागोराव पुढं ड्रायव्हरजवळ बसला. टेम्पो सुरू झाला तेव्हा सुनयना काहीतरी विचारत होती, बहुतेक पालिकेचं दफ्तर कुठं आहे ते. पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. विमलबाई पायरीवरून हात करून तिला रस्ता दाखवत होती.

हमरस्त्यावर आल्यावर गरम वारा तोंडावर आपटला. मयूरी पुस्तकांची पिशवी मांडीत घेऊन बसली होती. बयनाबाईनं सुनेचा दंड धरला.

"आज भाकरी करशीन का व? का राह्यन?"

"करतो ना, आत्या," रुख्मिणी म्हणाली. "चूल कुठं मांडाची, तेच पाहून राह्यली."

आणि ती खरंच रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होती: कुठं सावली आहे, कुठं ट्रक थांबतात, कुठं जागा मोकळी आहे. संध्याकाळ व्हायला अजून थोडा वेळ होता.